घर कसं तापवावं: परभणीकर नवशिक्यांसाठी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडच्या पोराला पाळण्यातच ऐकायला मिळतं. पुढं तो पुण्याला शिकायला गेला की होस्टेलात छाती फुगवून हेच सांगतो, आणि मग कुणीतरी चौकस कोकणी पोरगा विचारतो, ‘म्हणजे दोन्हीत नेमकं काय सारखं आहे?’ मीही त्या प्रश्नावर गप्प बसलो होतो. उत्तर सापडायला पुढं तीस वर्षं गेली आणि एक घर बांधावं लागलं. सारखा आहे तो पंधराचा आकडा.

१९९१ साली जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात चार कुटुंबांसाठी एकाला एक लागून घरं उभी राहिली. वोल्फगांग फाइस्ट हा त्यामागचा भौतिकशास्त्रज्ञ. या घरांना ‘पासिव्हहाउस’ म्हणतात, आणि पुढं जगभर गाजलेली त्यांची अट अशी की घर ऊबदार ठेवायला दर चौरस मीटरमागं वर्षाला पंधरा युनिटांच्या वर ऊर्जा लागता कामा नये. आपल्याकडं १४ डिसेंबर २०१८ला, म्हणजे ऊर्जा संवर्धन दिनाचा मुहूर्त साधून, केंद्रानं ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यातही पंधराच. बाहेरच्या भिंती आणि खिडक्या यांतून आत येणारी उष्णता सरासरीनं दर चौरस मीटरला पंधरा वॅटच्या वर जाऊ नये. एकक वेगळं आणि मतलब उलटा, त्यांना ऊब आत कोंडायची आहे आणि आपल्याला दारातच अडवायची आहे. पण आकडा तोच. जगात पंधरा, भारतात पंधरा.

आता इतकी चांगली संहिता असताना परभणीतली घरं मे महिन्यात पापड भाजून निघतील इतकी तापतात कशी? नवशिक्यांचा इथं गैरसमज होतो. त्यांना वाटतं, उन्हाळा आला की घर आपोआप तापतं. तसं नाही. त्यासाठी प्लॉट घेतल्या दिवसापासून चिकाटी लागते, पैसा लागतो, आणि शेजाऱ्याच्या घराकडं बारीक लक्ष ठेवावं लागतं. खाली दिलेली प्रत्येक पायरी प्रस्तुत लेखकानं स्वखर्चानं करून पाहिलेली आहे.

पायरी पहिली: नियम वाचून निश्चिंत व्हा

संहिता वाचायला घेतली तेव्हा मी धास्तावलो होतो. मग पहिल्याच पानांत जीव भांड्यात पडला. तिचा पहिला भाग पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांसाठी आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. आपला प्लॉट तीस बाय चाळीस, म्हणजे बाराशे फूट, म्हणजे गुंठा आणि वर मूठभर. शिवाय २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आल्या खऱ्या, पण त्या शंभर किलोवॅट जोडभाराच्या. आमच्या अख्ख्या गल्लीतले कूलर, मिक्सर, पिठाच्या गिरण्या आणि लग्नातला डीजे एकदम लावला तर कदाचित तिथपर्यंत पोहोचू.

थोडक्यात, तुम्ही कुठलाही नियम मोडत नाही. आता यातून पुढचा निष्कर्ष काढा, म्हणजे पहिली पायरी पूर्ण झाली: नियम लागू नाही म्हणजे ऊनही लागू नाही. मी काढला होता.

प्लॉट काळ्या रानात घ्या. जुन्या माणसांनी गावं पांढरीत वसवली आणि काळी पेरायला ठेवली, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत विळा पडला तर दांड्यासकट जातो. पण पांढरीत आता जागा कुठं आहे? एन.ए. झालेलं रान तेवढं काळीचं. पाया मुरूम लागेपर्यंत खणायचा असतो हे गुत्तेदाराला ठाऊक असतं, आणि तो तेवढा खणणार नाही हे तुम्हाला. दोन उन्हाळ्यांनी भिंतीला तिरपी चीर पडेल. तिच्यातून येणाऱ्या वाऱ्याला इंग्रजी पुस्तकांत फार वाईट नाव आहे. आपण त्याला हवेशीर घर म्हणू.

पायरी दुसरी: एलेव्हेशन

पूर्वी घराला तोंड असे, आता एलेव्हेशन असतं. रस्ता जिकडं तिकडं ते. आमचा रस्ता पश्चिमेला. दुपारी तीनपासून मावळेपर्यंत तिरपं ऊन ज्या भिंतीवर बसतं, नेमक्या त्याच भिंतीत जमिनीपासून बीमपर्यंत निळी काच बसवावी. छज्जा काढू नये. छज्ज्यानं काच झाकली जाते आणि मग काच लावल्याचं शेजाऱ्याला कळणार कसं? तसाही पश्चिमेचा सूर्य इतका खाली उतरलेला असतो की दीड फुटाच्या छज्ज्याला तो जुमानत नाही. तिथं उभे आडोसे लागतात, जाळी लागते किंवा झाड लागतं.

झाडावरून आठवलं. आमच्या प्लॉटच्या पश्चिम हद्दीवर लिंबाचं झाड होतं, चांगलं कवेत न मावणारं. एलेव्हेशन झाकतंय म्हणून आणि पाला अंगणात पडतो म्हणून ते तोडलं. तोडायला दोन दिवस लागले. तोडणारी माणसं दुपारची भाकर खायला त्याच्याच सावलीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी सावली उरली नाही म्हणून माझ्या अर्धवट बांधलेल्या हॉलमध्ये येऊन बसली. थोड्या वेळानं उठून शेजाऱ्याच्या गोठ्यात गेली. मी त्यातून काही बोध घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका.

वास्तुशास्त्रवाला मात्र जपून बोलवा. त्यानं नैऋत्य कोपरा जड ठेवा, तिकडं जाड भिंत घ्या, खिडकी नको, असं सांगितलं तर चुकून घर थंड व्हायचा धोका आहे. दुपारच्या उन्हाचा कोपरा तोच. कारण काहीही सांगो, माणूस इथं बरोबर बोलतो. सुदैवानं आमच्या वास्तुवाल्यानं नैऋत्येला जड काहीतरी हवं म्हणून गच्चीवर काळी प्लॅस्टिकची पाण्याची टाकी ठेवायला लावली. मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धरला की चटका बसतो. वर्षाच्या ज्या दोन महिन्यांत गरम पाणी नको असतं, त्या दोन महिन्यांत ते फुकट मिळतं.

पायरी तिसरी: स्लॅब

इथं घाई करू नका. बाकी सगळ्या चुका हुकल्या तरी चालेल, ही एक नीट जमली पाहिजे.

परभणी विषुववृत्ताच्या वर एकोणीस अंशांवर आहे. त्यामुळं मे महिन्याच्या मध्याला एके दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो परत तिथं येतो, पण तेव्हा आभाळ असतं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारी भिंतींना ऊन नुसतं चाटून जातं आणि छतावर उभं बसतं. युरोपातली पुस्तकं भिंतींवर प्रकरणंच्या प्रकरणं खर्ची घालतात. आमचा सगळा मामला डोक्यावरचा. संहितेनंही म्हणून छताचा आकडा वेगळा काढलाय: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून १.२ वॅटच्या वर उष्णता उतरू नये. साध्या सिमेंटच्या स्लॅबमधून ती साडेतीन वॅटच्या आसपास उतरते.

आकडे कंटाळवाणे वाटत असतील तर असं बघा. दहा बाय बाराची खोली, म्हणजे अकरा चौरस मीटर छत. मेच्या दुपारी उन्हानं भाजलेली वरची बाजू साठ अंशांच्या घरात धरा, आत पस्तीस. फरक पंचवीसचा. साडेतीन गुणिले पंचवीस गुणिले अकरा: साडेनऊशे वॅट. नववीच्या वर्गात मी हे गणित फळ्यावर सोडवून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, म्हंजे हजाराची शेगडी उलटी टांगल्यावानी.’ त्या पोराला विज्ञानात पस्तीस मार्क पडत. मी त्या दिवशी ते चाळीस केले.

आणि ही शेगडी संध्याकाळी बंद होत नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहानंतर आपल्या अंगावर ओतायला लागतो. बाहेर गार वारा सुटलेला असतो, आत पंख्याचं पातं वरची धग खाली ढकलत असतं.

स्लॅब पडला त्या दिवशी रिवाजाप्रमाणं मजुरांना जेवण दिलं, मशीनला नारळ फोडला, गुत्तेदार मिशीवर हात फिरवत म्हणाला, ‘सर, असा स्लॅब टाकलाय की वर हत्ती नाचला तरी हलायचा न्हाई.’ माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गावाकडून मुद्दाम आले होते. ते वर बघत म्हणाले, ‘हत्ती कशाला जातोय वर? ऊन पडल्यावर काय करायलाव ते सांगा.’ गुत्तेदार हसला. ‘अण्णा, आता पंखे हायत, कूलर हाय, एसी हाय.’ अण्णा म्हणाले, ‘मंग स्लॅब कामून टाकला? मांडव टाकायचा.’

अण्णांचं असं बोलणं समजून घ्यायचं तर त्यांचं माळवद बघायला हवं. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात ते अजून उभं आहे, निम्मं. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, सागाचे खांब, तुळया, वर कडीपाट, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फुटाचा थर. मधोमध साणं. सकाळी साण्यातून उन्हाची तिरीप चुलीशेजारी पडे आणि आजी तिच्याकडं बघून शाळेची वेळ सांगे. चुलीचा धूर आणि घरातली गरम हवा त्याच वाटेनं वर जाई. पाऊस आला की कुणीतरी पोरगं वर पळवायचं, साण्यावर झाकण टाकायला. भर मे महिन्यात त्या घरात दुपारी गोधडीवर पडलं की झोप लागे. मी सहज त्या मातीच्या थराचा हिशेब करून बघितला, उत्तर १.२ च्या आसपास आलं. संहिता दिल्लीत लिहिली जाण्याआधी आमच्या माळवदाला पाठ होती.

इथपर्यंत वाचून ज्यांना ‘आपले पूर्वज किती शहाणे’ असा उमाळा आला असेल त्यांनी तो जरा आवरावा. पांढरी माती पावसानं धुपते, म्हणून दर मृगाच्या आधी वर नवी टाकायची. जुनी कुणी काढत नाही. थरावर थर चढत जातात आणि शे-दीडशे वर्षांनी डोक्यावर एक छोटं शेत झालेलं असतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि ही शेतं खाली आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं गाव तिथून लांब, आमच्या भिंतीला चीरही पडली नाही. पण त्या वर्षी दिवाळीपर्यंत गावातलं कुणी माळवदाखाली झोपलं नाही. अण्णांनी पुढच्या उन्हाळ्यात निम्मं माळवद उतरवून पत्रे घातले. गावोगाव हेच झालं. माळवद गेलं ते फॅशननं नाही, भीतीनं. आणि ती भीती खोटी नव्हती. २०२४च्या २१ मार्चला सकाळी हिंगोली, नांदेड आणि परभणीत धक्के बसले, तेव्हा अण्णा सगळ्यांच्या आधी बाहेर होते, एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात लोटा.

म्हणजे डोक्यावर जड नको म्हणून पत्रा आला, आणि पत्र्याखाली माणूस उकडला म्हणून स्लॅब आला. हलकं आणि उष्णता अडवणारं असं काही असतं का, हे मधल्या काळात आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. असतं. स्लॅबवर उष्णतारोधक फोमच्या दोन इंची पाट्या टाकून वर कोबा केला की साडेतीनाचं एकच्या खाली येतं. खर्च एलेव्हेशनच्या काचेपेक्षा कमी. गुत्तेदाराला मी हे घर बांधून झाल्यावर सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, आधी बोलले असते तर टाकलं असतं की.’ खरं बोलला. त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

पायरी चौथी

ही पायरी मिस्त्रीनं मला न विचारता बांधून टाकली, त्यामुळं तिच्याबद्दल लिहिता येत नाही. ती जिन्यात आहे आणि बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच आहे.

पायरी पाचवी: खिडक्या

संहिता म्हणते, घराच्या चटई क्षेत्रफळाच्या प्रमाणात उघडणारी जागा पाहिजे. उष्ण-कोरड्या पट्ट्यात दहा टक्के, संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात साडेबारा. यातला कळीचा शब्द ‘उघडणारी’ हा आहे. त्या हिशेबानं दहा बाय बाराच्या खोलीला बारा ते पंधरा चौरस फूट. मी चार बाय तीनची खिडकी बसवली, बरोबर बारा, आणि स्वतःवर खूश झालो. पण खिडकी ॲल्युमिनियमची सरकती. तिचं एक तावदान सरकवलं की दुसऱ्याच्या मागं जाऊन बसतं. म्हणजे कितीही उघडली तरी अर्धीच उघडते. बाराचे सहा झाले. समोरासमोर दुसरी खिडकी ठेवायची राहिली, कारण त्या भिंतीवर टीव्ही लावायचा होता. वाऱ्याला यायला अर्धी वाट आणि जायला टीव्ही.

जुन्या पद्धतीची, दोन फळ्यांची, बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी लावू नका. ती पूर्ण उघडते.

पायरी सहावी: कूलर आणि त्यापुढचं

फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस उठला की परभणीत कूलरच्या टाक्या घासायला निघतात. हिवाळ्यात इथला पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरून पेपरात पहिल्या पानावर येतो, आणि तीन महिन्यांत त्याच पानावर त्रेचाळीस-चव्वेचाळीस होऊन परत येतो. इतकी मोठी उडी मारणाऱ्या गावानं कूलरला देव मानलं तर नवल नाही. आणि एप्रिल-मेची आमची कोरडी ठक्क हवा कूलरसाठीच केलेली असते. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं, एवढंच त्याचं शास्त्र. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारणाऱ्यांना ते माहीत होतंच.

मात्र कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो आणि ओली आत सोडतो, तेव्हा ती ओली हवा दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे. नवशिक्यानं नेमकं इथं चुकावं. कूलर खोलीच्या आतच ठेवावा आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या गच्च लावाव्यात. अर्ध्या तासात तीच ओली हवा फिरून फिरून खोलीत घाम फुटतो, उशी चिकट होते, आणि कूलर ‘कामाचा नाही’ असा सर्वांचा निर्णय होतो. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर तो खरोखरच कामाचा राहत नाही. मग एसी.

दुकानात एसीच्या अंगावर चांदण्या मोजतात. पाच चांदण्यांचा घेतला. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ही चिठ्ठी चांगली आहे, खोटं बोलत नाही. २०२३च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांनाही ती सक्तीची झाली. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा तीस-पस्तीसवर भागवतो, वारा तेवढाच. घरातले चारही पंखे बदलले ही माझ्या हातून झालेली एकमेव शहाणी गोष्ट, आणि तीही शेजाऱ्यानं आधी बदलले होते म्हणून. पण चांदण्या यंत्राच्या असतात, खोलीच्या नसतात. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो. त्यातले हजारभर वॅट आपण वरून स्लॅबनं, आणि काचेतून किती ते देव जाणे, परत आत घेत असू तर पाच चांदण्यांचं ते बिचारं फुटक्या रांजणात पाणी भरत बसतं. २०२०पासून नवे एसी सुरू होताना चोवीस अंशांवरच सुरू होतात. आमच्याकडं ते चोवीस आकड्यातच राहिलं. आमच्या हिनं भिंतीवर थर्मामीटर टांगला, दुपारी तीनला तीस दाखवायचा. मी थर्मामीटर काढला.

जुनं घर दुरुस्त करणाऱ्यांसाठी पुरवणी

ज्यांचं घर आधीच बांधून झालंय त्यांनी निराश होऊ नये. फक्त काही स्वस्त उपायांपासून लांब राहावं, कारण ते लागू पडतात.

गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारणं हा त्यातला सगळ्यात धोकादायक. थोडा डिंक घालून मार्चमध्ये दोन हात दिले की ऊन बरंचसं उडून परत जातं; पावसात धुपतं, पुढच्या मार्चला परत मारावं लागतं, एवढीच कुरकुर. बशा-कपांच्या तुकड्यांची पांढरी फरशी, म्हणजे चायना मोझॅक, तेच काम वर्षानुवर्षं करते. पूर्वी छतावर मातीची मडकी उपडी मांडून मधे चुन्याचा कोबा भरत. मडक्यातली कोंडलेली हवा उष्णता अडवते. पत्र्याखाली राहणारे लोक पत्र्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्या पसरतात आणि वर जुनी साडी बांधतात. सोनपेठ-पाथरीकडं ऊसवाल्यांची ही युक्ती फुकटात होते, फक्त चुलीची ठिणगी सांभाळावी लागते.

शेजारच्या तेलंगणानं २०२३ साली शीतल छताचं धोरणच काढलं. एकेकाळी आपण त्यांच्याच निजामाची रयत, त्यामुळं मी उत्सुकतेनं वाचलं. घरांसाठी सक्ती सहाशे चौरस यार्डांच्या वरच्या प्लॉटवर. सहाशे यार्ड म्हणजे पुन्हा तेच पाच गुंठे! पाच गुंठ्यांच्या आतल्या माणसाला उकडत नाही यावर दिल्लीपासून हैदराबादपर्यंत एकमत दिसतं.

घरकुल मिळालेल्यांना तर ही सगळी मार्गदर्शिका वाचायचीही गरज नाही. ग्रामीण भागासाठीच्या प्रधानमंत्री आवास योजनेत पंचवीस चौरस मीटर जागा आणि एक लाख वीस हजार रुपये. त्यात भिंती उभ्या राहून वर काहीतरी पडलं की माणूस सुटला म्हणतो. ते काहीतरी काय असावं याच्यावर गावातला एकही माणूस माझ्याशी बोलायला तयार झाला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं, मी काचवाला.

शेवटची पायरी: सूर्यालाच कामाला लावा

एसीचं बिल आलं की ही पायरी आपोआप सुचते. १३ फेब्रुवारी २०२४ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा हजार, असं अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान मिळतं. तीन किलोवॅटला गच्चीवर तीनशे फुटांच्या आसपास जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या जवळपास वीज होते. परभणीत चांगलं ऊन आहे की नाही, हे बसवणाऱ्यानं मला विचारलं नाही.

दोन गोष्टी त्यानं सांगितल्या, पण मी नीट ऐकल्या नाहीत. एक म्हणजे लाइट गेली की हेही बंद. डोक्यावर सूर्य तळपत असतो, पॅनल चमकत असतात, आणि खाली आपण पुठ्ठ्यानं वारा घेत असतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून यंत्र स्वतःहून थांबतं. दुसरी गोष्ट जागेची. आमची गच्ची एका बाजूनं टाकीनं आणि शेजाऱ्याच्या वाढलेल्या मजल्याच्या सावलीनं अडलेली. पॅनल मांडायला जागा उरली ती, एव्हाना आमच्याकडं राहायला आलेल्या अण्णांच्या खोलीवरची आणि स्वयंपाकघरावरची. म्हणजे उन्हाळ्याच्या रात्री जिथं आम्ही अंथरुणं घालायचो तीच.

अण्णा यावर दोन दिवस बोलले नाहीत. चांदण्या बघत झोपायची त्यांची जागा गेली होती, आणि एसीच्या अंगावरच्या पाच त्यांना पुरेशा वाटत नव्हत्या.

पॅनल बसल्यावरचा पहिला मे महिना आला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ही जेवणं आटोपून अण्णांच्या खोलीत सुपारी द्यायला गेली ती परत आलीच नाही. मी बघायला गेलो. ही खाली फरशीवर पदर घेऊन झोपलेली, पोरगी तिच्याशेजारी, अण्णा खाटेवर घोरत. खोलीत पंखा, अर्धी उघडी खिडकी, बाकी काही नाही. आणि हवा मऊ. मी छताला हात लावायला खाटेवर चढलो तर अण्णा जागे झाले. म्हणाले, ‘वर मांडव घातलायस न्हवं तू. मी गुत्तेदाराला म्हणलोच होतो.’

पॅनल स्लॅबपासून चार-पाच फूट उंच, खालून वारा मोकळा. दिवसभर ऊन त्यांच्यावर पडतं, स्लॅबला लागतच नाही. एसी चालवायला म्हणून आणलेल्या वस्तूनं अण्णांच्या खोलीतली एसीची गरजच काढून घेतली होती.

आता दुपारी सगळं घर तिथंच झोपतं. पाहुणे आले तर दारातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. आमच्या खोलीत पाच चांदण्यांचा एसी चोवीस अंशांवर एकटाच चालू असतो. बंद करता येत नाही. गावाकडून आलेला वर्षाचा गूळ त्या खोलीतल्या कपाटात आहे आणि एसी थांबला की तो पाघळतो.